सरांना आता तोंड कसं दाखवू?

राष्ट्रीय सेवा योजनेत वावरलेली मुलं तिशीत पोहोचली की त्यांच्याकडून एक खंत मला हमखास ऐकू येते. माझ्याकडे समुपदेशनाला आलेली असतात नोकरीच्या, लग्नाच्या, झोपेच्या तक्रारी घेऊन. बोलता बोलता कॉलेजातल्या कार्यक्रम अधिकारी सरांचा विषय निघतो आणि आवाज बदलतो. “त्यांनी माझ्यासाठी एवढं केलं, आणि मी साधा फोनही करत नाही. मी कृतघ्न आहे का?” सेवा दलातून, छात्रसेनेतून आलेल्यांचंही हेच म्हणणं असतं.

अशाच एका तरुणाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मूळचा मराठवाड्यातला, आता पुण्यात आयटी कंपनीत, पगार बरा, घरी बायको आणि लहान मुलगी. सरांच्या सेवापूर्ती समारंभाचं निमंत्रण व्हॉट्सॲपच्या जुन्या ग्रुपवर आलं आणि त्याची झोप उडाली.

“गेलात तर काय होईल?”

“सर विचारतील, परीक्षेचं काय झालं. स्पर्धा परीक्षेच्या फॉर्मचे पैसे त्यांनी भरले होते मॅडम. मला अधिकारी झालेलं बघायचं होतं त्यांना.”

“असं ते म्हणाले होते?”

तो बराच वेळ गप्प होता. “नाही. ‘तू पुढे जाशील’ एवढंच म्हणाले होते. अधिकारी व्हायचं, हे मीच धरून चाललो.”

पुढच्या वेळी तो वहीचं एक पान घेऊन आला. मधोमध रेघ. डावीकडे ‘सरांनी केलं’: फॉर्मचे पैसे, वसतिगृहातली जागा, आईच्या ऑपरेशनच्या वेळची धावपळ, शिबिरात अंगावरचा काढून दिलेला स्वेटर. उजवीकडे ‘मी केलं’, आणि खाली कोरं. इतकी वर्षं हा माणूस ते कोरं पान उराशी घेऊन जगत होता.

अशा वेळी उजवा रकाना भरून देण्याचा मोह समुपदेशकाला होतो. ‘अहो, तुम्हीही किती केलंत’ वगैरे. मी तो टाळते, कारण त्यानं हिशेब तसाच राहतो. मी डावीकडच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘समारोपाचं आभारप्रदर्शन मला दिलं.’

“हा दिवस सांगा.”

सात दिवसांचं शिबिर होतं. दत्तक गावाच्या ओढ्यावर मुलांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला होता. वर्गात हजेरीलाही पुटपुटणाऱ्या या मुलाला सरांनी सांगितलं, आभार तूच मानायचेस. माइकसमोर उभा राहिला आणि सरपंचांचंच नाव विसरला. मुलं हसली. पहिल्या रांगेतून सर नुसते ओठ हलवून ते नाव सांगत होते.

“त्या वेळी सरांचा चेहरा कसा होता?”

तो बोलायला गेला आणि थांबला. डोळे भरून आले. “हसत होते. सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी ते वाजवत होते.” मग अगदी हळू, “मॅडम, ते खूश होते. म्हणजे त्यांना जे हवं होतं ते त्याच दिवशी मिळालं होतं.”

मी काहीच बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. तो प्रश्न त्या क्षणी सुचला याचं समाधान मला आजही आहे. मिळालेली मदत आपण नीट लक्षात ठेवतो, ती देताना समोरच्याला झालेला आनंद मात्र आठवणीतून गळतो. तो गळला की उरतं फक्त कर्ज. आणि कर्जदार सावकाराची गल्ली टाळतो, तशी ही मुलं सरांचा फोन टाळतात.

कृतज्ञता आणि ओशाळेपण या दोन वेगळ्या भावना आहेत, असं मी ठामपणे मानते. मानसशास्त्रज्ञ फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये दाखवलं की देणाऱ्याची परतफेडीची अपेक्षा जितकी जास्त जाणवते, तितकं ओझं वाढतं आणि कृतज्ञता घटते. या तरुणाच्या बाबतीत तर ती अपेक्षा त्यानंच सरांच्या तोंडी घातली होती. आपल्या परंपरेतही ऋषिऋण, म्हणजे ज्ञान देणाऱ्यांचं ऋण, सांगितलंय, ते फिटतं अध्ययनानं. गुरूच्या हातावर काही ठेवून नव्हे.

‘आता फार उशीर झाला, विचित्र वाटेल’ असंही अनेक जण म्हणतात. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी 2018 मध्ये नेमकं हेच तपासलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा ते मिळालेल्या माणसांना कितीतरी जास्त आनंद झाला, आणि अवघडलेपण कमी वाटलं. तेव्हा लिहा. विशेषणं नकोत, ‘आपण माझे दैवत’ नको. एक प्रसंग लिहा आणि त्यातलं आज तुमच्यात काय उरलंय ते लिहा. आयुष्याचा प्रगती अहवाल जोडू नका, न झालेल्या गोष्टींची माफीही नको. माझ्या तरुणानं लिहिलं की टीममधल्या अबोल मुलीला तो मुद्दाम प्रेझेंटेशन द्यायला लावतो आणि समोर बसतो. समारंभालाही गेला. परीक्षेचा विषय सरांनी काढलाच नाही, मुलीचं नाव काय ठेवलं ते विचारलं.

एक मात्र बजावून सांगते. काही मार्गदर्शक खरोखरच उपकार मोजून दाखवतात: निवडणुकीत फिरायला ये, देणगी दे, माझ्या मताविरुद्ध बोलू नकोस. तिथे नाही म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. त्यांनी दिलेलं मनापासून मान्य करा आणि आजची मागणी नाकारा, एकाच वाक्यात दोन्ही बसतं. संघटना सुटली, विचार बदलले, तरी आभार मानता येतात.

सर हयात नसतील तर तेच पत्र त्यांच्या पत्नीला, मुलांना पाठवा. घरच्यांना शिबिरातला माणूस फारसा माहीत नसतो. आणि ‘सरांना मी आठवणार नाही’ अशी धास्ती असेल तर पहिल्या ओळीत वर्ष, शिबिराचं गाव आणि तुमच्याकडे कोणतं काम होतं ते लिहा.