‘जरा बोलायचंय’ या दोन शब्दांची भीती

प्रश्न: ताई नमस्कार, मी 31 वर्षांचा, खराडीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, मागच्या वर्षी सायकॅट्रिस्टनी ऑटिझम आहे असं सांगितलं. काम मला येतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, पण ऑफिस झेपत नाही. रोज ॲपवर बुक करून वेगळ्या डेस्कवर बसायचं, शेजारी कोण येईल माहीत नाही, डोक्यावर एसीचा झोत, सगळे एकाच वेळी कॉलवर. सव्वादहाच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, काय बोलायचं ते रात्री पाठ करतो तरी आवाज कापतो. मॅनेजरचा मेसेज आला ‘फ्री आहेस का, जरा बोलायचंय’ की पोटात गोळा येतो, ते बोलणं होईपर्यंत काम बंद, आणि विषय निघतो सुट्ट्यांच्या प्लॅनचा. रविवारी दुपारी जेवण झालं की पोट दुखायला लागतं. मागच्या महिन्यात दोनदा फायर एक्झिटच्या जिन्यात जाऊन बसलो. आई म्हणते चारचौघांत मिसळत जा, मित्र म्हणतात टेन्शन सगळ्यांनाच असतं. कधी कधी वाटतं सोमवारची सकाळ होऊच नये. गोळी वाढवून घेऊ, नोकरी सोडू, की माझंच काही चुकतंय?

उत्तर: अरे, तुला तू म्हणते, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहेस. आधी ते सोमवारचं वाक्य. सोमवार होऊच नये म्हणजे ऑफिस नको एवढंच असेल तर पुढचं वाच. पण जगणंच नको असं एकदा जरी मनात आलं असेल तर हे मासिक बाजूला ठेव आणि डॉक्टरांना फोन कर, रात्री-बेरात्री कुणी मिळत नसेल तर टेली मानसचा 14416 हा सरकारी नंबर चोवीस तास असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. अनोळखी माणसाला फोन लावणं हेच आपल्यासारख्यांना किती जड जातं मला माहितीये, म्हणून घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवून लाव.

आपल्यासारख्यांना म्हटलं कारण माझं निदान 39व्या वर्षी झालं, तोवर एका ऑफिसात चौदा वर्षं काढली होती. तिथले साहेब प्रत्येक अर्जावर म्हणायचे ‘बघू’. मी खरंच वाट बघायचे, तीन-तीन आठवडे, रोज त्यांच्या केबिनकडे डोळे लावून. ‘बघू’ म्हणजे नाही, हे मला शेवटी आमच्या शिपाईमामांनी चहा देता देता सांगितलं. मग हळूहळू कळलं की ‘सवडीने दे’ म्हणजे आज संध्याकाळपर्यंत दे, ‘तुझं तू बघ’ म्हणजे मला राग आलाय, आणि ‘जरा बोलायचंय’ म्हणजे काहीही असू शकतं, प्रमोशनपासून पार्किंगपर्यंत. बाकीच्यांना हा शब्दकोश कुठे वाटतात देव जाणे, मी त्या दिवशी गैरहजर असणार.

तर मुद्दा असा की दहा वेळा अंदाज चुकलेला असतो, दर वेळी कुणीतरी हसलेलं किंवा ओरडलेलं असतं, मग अकराव्या वेळी पोटात गोळा येतो यात नवल काय? तुझी भीती काल्पनिक नाहीये, ती अनुभवातून आलीये, म्हणून ‘काही होत नाही रे’ म्हणून ती जात नाही. इंग्लंडमधले संशोधक डेमियन मिल्टन, ते स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी 2012 मध्ये डबल एम्पथी नावाची कल्पना मांडली, म्हणजे साध्या भाषेत, आपल्याला ऑटिझम नसलेल्यांचं कळत नाही तसं त्यांनाही आपलं कळत नाही, फक्त दोष एकाच्याच खात्यावर जमा होतो. माझं तर म्हणणं आहे की भीती कमी करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे अंदाज बांधायची कामं कमी करणं, दीर्घ श्वास वगैरे नंतर.

यासाठी मॅनेजरला ऑटिझम हा शब्द सांगायचीही गरज नाही. एवढंच लिही: ‘सर, बोलायचं असेल तेव्हा विषय एका ओळीत टाकाल का, म्हणजे मी तयारीनिशी येतो.’ कुठल्याही मॅनेजरला हे वाचून राग येणार नाही, उलट पोरगा सिन्सिअर आहे असं वाटेल. बोलणं झालं की दहा मिनिटांत तूच मेल टाक, ‘आपलं ठरलं ते असं, अमुक काम गुरुवारपर्यंत, तमुक आधी’, आणि खाली ‘काही राहिलं असेल तर सांगा’. मी हे सुरू केलं तेव्हा दोन महिन्यांनी साहेब इतरांना म्हणाले तिच्यासारखं मेलवर घेत जा सगळं. स्टँडअपचं म्हणशील तर पाठ करू नकोस, पाठ केलेलं मधेच तुटलं की सगळंच जातं. काल काय झालं, आज काय, कुठे अडलंय, या तीन ओळी आधीच चॅटवर टाक आणि तिथे बघून वाच. बघून वाचलं म्हणून कुणाला काढून टाकल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता आवाजाचं. ऑटिझम असलेल्या पुष्कळ जणांचा मेंदू नको ते आवाज मागे ढकलू शकत नाही, एसी, शेजारच्याचा कीबोर्ड, पलीकडचा कॉल, सगळं एकाच पट्टीत आत येतं आणि दुपारपर्यंत जीव मेटाकुटीला येतो, आणि धडधड, घाम हे तर भीतीसारखंच दिसतं. मग माणूस विचार करत बसतो की मी कशाला घाबरलोय, अरे घाबरला नाहीयेस, थकलायस! ते विचार बदलून नाही जाणार, आवाज कमी करून जाईल. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन, शक्यतो भिंतीला पाठ, आणि मुख्य म्हणजे एकच ठरलेली जागा. तू दिलेल्या सगळ्या यादीत रोज बदलणारं डेस्क हे मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण त्यात आवाजही आला आणि अंदाजही आला. पहिली मागणी तीच कर. ती मिळाली तर बाकी अर्धं सुसह्य होईल असा माझा होरा आहे.

जिन्यात जाऊन बसलास त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त उशिरा गेलास. आपल्यापैकी बऱ्याच जणांना शरीर काय सांगतंय ते वेळेवर कळतच नाही, भूक लागलीये, लघवीला जायचंय, आता रडू येणारे, सगळं शेवटच्या क्षणी. म्हणून ‘थकल्यासारखं वाटलं की ब्रेक घे’ हा सल्ला आपल्या कामाचा नाही, घड्याळ लावून उठायचं, दर दीड तासाने दहा मिनिटं, वाटो न वाटो. शिवाय स्वतःच्या खुणा शोध. माझी खूण अशी की एकच ओळ तीनदा वाचली जाते आणि ड्रेसचं लेबल टोचायला लागतं, ते सकाळपासून तिथेच असतं पण टोचतं तेव्हा समजायचं की आता उठ.

पुण्यातलं ऑफिस म्हणजे गणपतीही असणार, लॉबीत ढोल-ताशा असणार, आणि वाढदिवसाला केक तोंडाला फासायची ती घाणेरडी पद्धतही असणार (हे माझं मत, ऑटिझमशी संबंध नाही). गणपतीत एखादं ठरलेलं काम मागून घे, वर्गणीचा हिशोब, प्रसादाची ऑर्डर, म्हणजे तू सामील पण होतोस आणि ढोल वाजतो तेव्हा तुला वर एक्सेलमध्ये काम असतं. स्वतःच्या वाढदिवसाला सरळ सुट्टी टाक. आईला सांग की मिसळतोय, हिशोबाच्या वहीतून.

नोकरीचा निर्णय रविवारी करायचा नाही, एवढं मात्र ऐक. जागा, विषयाची ओळ, मेल, ब्रेक, हे तीन महिने करून बघ, आणि तरी पोट दुखतच राहिलं तर ती जागा तुझ्यासाठी नाही असं म्हणायला तू मोकळा. गोळीचं फक्त डॉक्टरांशी बोल, स्वतः वाढवू नको, कमीही नको. काउन्सेलरकडे जात असशील आणि ‘तुला काय वाटतंय’ या प्रश्नावर डोकं कोरं होत असेल तर त्यांना सांग की काय झालं ते विचारा, ते मी नीट सांगू शकतो.

प्रश्न: मुलाचं निदान करताना डॉक्टर म्हणाले तुमचीही तपासणी करून घ्या, आणि 44व्या वर्षी मलाही ऑटिझम निघाला. साताऱ्याला सहकारी बँकेत काउंटरला आहे. दिव्यांगाचा दाखला काढावा का? बँकेत कळलं तर प्रमोशन जाईल ही धाकधूक आहे.

उत्तर: दाखला काढला म्हणजे बँकेला कळवलं असं होत नाही, तो तुमच्या कपाटात राहू शकतो, ही धाकधूक आधी काढून टाका. 1995च्या जुन्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच, 2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आले आणि त्यात तो आला. त्या कायद्यात खासगी आस्थापनेच्या व्याख्येत सहकारी संस्थाही येते, आणि वीस किंवा जास्त माणसं असतील तर समान संधी धोरण लिहून ठेवणं आणि त्यासाठी संपर्क अधिकारी नेमणं नियमात आहे. तुमच्या बँकेचं ते धोरण आहे का हे आधी गुपचूप बघा. नसेल तर कुणाकडे जाऊन मागणी करणार हा प्रश्नच आहे, कारण सोयी देण्याचं बंधन कायद्याने सरकारी नोकरीत जितकं स्पष्ट घातलंय तितकं खासगीत नाही.

दाखल्याचा अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर करायचा आणि मग सिव्हिलला तपासणी. तिथे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम नावाची 40 मुद्द्यांची मोजपट्टी वापरतात, आणि तिचा भर बराचसा वरून दिसणाऱ्या वागण्यावर आहे. तुम्ही रोज काउंटरला हसून बोलणाऱ्या बाई, वीस वर्षं आपण इतरांसारखेच आहोत असा मुखवटा घालून घालून तो अंगवळणी पडलेला, त्यामुळे टक्केवारी कमी लागण्याची तयारी ठेवा. बहुतेक सवलतींना किमान 40 टक्के लागतात. कमी लागले तर निदान खोटं ठरत नाही. जाताना लहानपणच्या आठवणी सांगू शकेल असं कुणीतरी, आई किंवा मोठी बहीण, सोबत न्या. 40 किंवा जास्त लागले तर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत 75,000 रुपयांची वजावट मिळते, तेवढ्यासाठी तरी मी काढला असता. बँकेला सांगायचं का, तर आधी गरज सांगा, नाव नंतर. ‘मला गर्दीच्या तासांनंतर पंधरा मिनिटं बॅक ऑफिसला बसू द्या’ हे कुणीही मागू शकतं. मी ऑफिसात सांगितलं तेव्हा एक मैत्रीण आयुष्यभराची मिळाली, आणि साहेब त्या दिवसापासून माझ्याशी लहान मुलाशी बोलतात तसं हळूहळू बोलायला लागले. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या.

प्रश्न: नाशिकला अंबड एमआयडीसीत सुपरवायझर आहे. आमच्या क्वालिटीतल्या एका मुलाला ऑटिझम आहे, त्याने स्वतःहून सांगितलं. नजर एकदम पक्की, पण ऐनवेळी शिफ्ट बदलली की दिवसभर गप्प आणि हात थरथरतात. काय करू?

उत्तर: दादा, त्याने तुम्हाला सांगितलं म्हणजे तुमच्याबद्दल काहीतरी बरं वाटलं असणार. शिफ्टचा कागद आठ दिवस आधी लावा, आणि बदल टळतच नसेल तर कारण आणि किती दिवस हे दोन्ही सांगा, ‘ॲडजस्ट कर रे’ एवढ्यावर सोडू नका. सगळ्यांसमोर त्याची ओळख करून देऊ नका, कौतुक म्हणूनसुद्धा नको. आणि तो डबा एकटा खात असेल तर खाऊ द्या, ती त्याची एकमेव शांत वीस मिनिटं असतील.