दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं, पोट उघडलं : तक्रार कशाची करायची?

प्रश्न : पत्नीच्या पित्ताशयातले खडे दुर्बिणीतून काढायचे ठरले होते. आत गेल्यावर डॉक्टरांनी आम्हाला न विचारता पोट उघडलं आणि पित्तनलिकेला आतडं जोडलं. तीन दिवसांचे चौदा दिवस झाले, बिल तिप्पट. पोलिसांत जाऊ का? – एक वाचक

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या डिस्चार्ज कार्डावर 'मिरीझी सिंड्रोम' लिहिलं आहे. पित्ताशयाच्या तोंडाशी अडकलेला खडा शेजारची मुख्य पित्तनलिका दाबतो, कधी तिची भिंत झिजवून आत शिरतो. सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. तिथं दुर्बिणीचा हट्ट धरला तर नलिकाच कापली जायची भीती. त्यामुळे तुमचा राग समजतो, पण नुसतं पोट उघडणं हा निष्काळजीपणा ठरणार नाही.

संमतीचं म्हणाल, तर समीरा कोहली खटल्यात (2008) सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय : एका शस्त्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही. अपवाद एकच, जीव किंवा प्रकृती वाचवण्यासाठी थांबणं शक्य नसेल तेव्हा. झिजून भोक पडलेली नलिका तशीच ठेवता येत नाही, त्यामुळे डॉक्टर याच अपवादावर बोट ठेवतील. संमतीपत्रावर 'गरज पडल्यास पोट उघडून' अशी ओळ आहे का, आणि खाली पत्नीची सही आहे की फक्त तुमची, ते बघा. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना आईनं दिलेली संमती ग्राह्य धरली गेली नाही.

मला मात्र तुमच्या पत्रातलं दुसरंच वाक्य खटकलं. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी पत्नीचे डोळे पिवळे दिसत होते, आणि तुम्ही ते डॉक्टरांना सांगितलं होतं. ही पित्तनलिका अडल्याची खूण असू शकते. मग बिलिरुबिन (रक्तातलं कावीळीचं प्रमाण) तपासलं का? एमआरसीपी (पित्तनलिका दाखवणारा एमआरआय) केली का? नसेल, तर तुमची केस तिथं आहे, टाक्यांत नाही.

आधी कागद मिळवा. केसपेपर, सोनोग्राफी, संमतीपत्र, ऑपरेशन नोट लेखी मागा आणि पोच घ्या. वैद्यकीय परिषदेच्या 2002च्या नियमांनुसार 72 तासांत मिळायला हवेत. ते दुसऱ्या सर्जनना दाखवून लेखी मत घ्या.

पोलिसांत जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानंतर (2005) डॉक्टरांवरच्या फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो; इथं तो दिसत नाही. तुमच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुदत दोन वर्षांची. बिल पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. तक्रार पत्नीच्या नावानं, त्यांच्याच सहीनं करा.