बिटुमन म्हणजे काय? डांबर आणि बिटुमन वेगळं असतं का?

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरात तुमच्या सोसायटीचा आतला रस्ता करायचाय, कॉन्ट्रॅक्टरने कोटेशनमध्ये 'व्हीजी-३० बिटुमन' टाकलंय आणि कमिटीतले काका लोक म्हणतायत आम्हाला डांबरच पाहिजे, हे बिटुमन काय नवीन काढलं. मी चौदा वर्षं नाशिकमध्ये याच कामात आहे, आधी हॉटमिक्स प्लांटच्या, म्हणजे खडी आणि बिटुमन गरम करून मिसळतात त्या कारखान्याच्या, लॅबमध्ये होतो आणि आता साइटवर असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकांना सांगा, रस्त्यावर आपण ज्याला डांबर म्हणतो ते बिटुमनच असतं. रिफायनरीत क्रूड म्हणजे कच्चं तेल तापवलं की गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल असं हलकं हलकं वर निघत जातं आणि शेवटी तळाला जे काळं, जड, चिकट राहतं ते बिटुमन. मूळ डांबर म्हणजे कोल टार, दगडी कोळशापासून कोक आणि गॅस बनवताना निघायचं ते, डांबरगोळ्यांचं नाव तिथलंच. त्यात कॅन्सरला कारण ठरणारी द्रव्यं असतात, रस्त्याला आता ते वापरत नाहीत, नाव तेवढं राहिलं. आणि बिटुमन नवीन तर अजिबात नाहीये, मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे त्याचा थर दिलेला सापडलाय, चार हजार वर्षांहून जुनं काम आहे ते. तेव्हा जमिनीतून आपोआप वर येणारं वापरायचे, त्रिनिदादमध्ये अजूनही त्याचं अख्खं तळं आहे.

व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, किती घट्ट आहे त्याचं माप. पूर्वी ६०/७०, ८०/१०० असे ग्रेड होते, जुने लोक अजून तेच बोलतात. ती टेस्ट मी लॅबमध्ये शेकड्यांनी केली असेल. २५ डिग्रीला ठेवलेल्या बिटुमनच्या वाटीवर १०० ग्रॅम वजनाची सुई ५ सेकंद सोडायची आणि किती रुतली ते बघायचं, ६०/७० म्हणजे सहा ते सात मिलिमीटर. बोटाने दाबलं तर घट्ट वाटणारा तो काळा गोळा सुईला हळूच आत घेतो, पहिल्यांदा बघताना मला फार गंमत वाटली होती. २००६ पासून आपल्याकडे व्हिस्कॉसिटीवर ग्रेड आले आणि ती मोजतात ६० डिग्रीला, कारण एप्रिल-मेमध्ये नाशकात हवा ४० च्या वर गेली की काळा रस्ता त्या घरात जातो. व्हीजी-१० पातळ, व्हीजी-४० सगळ्यात घट्ट, अवजड वाहतुकीच्या रस्त्याला. सोसायटीला व्हीजी-३० एकदम बरोबर आहे, त्यावरून वाद घालू नका.

वाद घालायचाच तर दुसऱ्या गोष्टींवर घाला. बिटुमन हा फक्त डिंक आहे, वजन पेलते ती खडी. तुमचा रस्ता समजा १०० मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि वरचा थर ३० मिलिमीटर धरला, तर रोलिंग होऊन साधारण २८ टन माल लागेल आणि त्यात बिटुमन असेल दीड टनाच्या आसपास, म्हणजे पाच-साडेपाच टक्के. आपला नाशिकचा काळा बेसाल्ट बिटुमनला चांगला धरतो, ग्रॅनाइटपेक्षा चांगला, पण खडी धुळीने माखलेली किंवा ओली असेल तर डिंक धुळीलाच चिकटतो. मग पावसाचं पाणी खडी आणि बिटुमनच्या मधे शिरतं, चाक गेलं की ते पाणी दाबाने आत-बाहेर होतं, खडी सुटी होते आणि खड्डा पडतो. दरवर्षी जुलैत आपण जे बघतो ते बहुतेक हेच असतं.

दुसरी गोष्ट टेंपरेचर, इथे मात्र मी अगदी हट्टी आहे. व्हीजी-३० चा माल प्लांटवर १५० ते १६५ डिग्रीला बनतो, पसरताना १४० च्या खाली नसावा आणि रोलिंग ९० च्या आत यायच्या आधी संपलं पाहिजे. गेल्या डिसेंबरात पाथर्डी फाट्याकडच्या एका कामावर डंपर नाशिकच्याच द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला, ताडपत्री नीट बांधलेली नव्हती, आला तेव्हा वरून वाफही दिसेना, थर्मामीटर खोचला तर ११० डिग्री. ड्रायव्हर म्हणाला चालतंय साहेब टाका, मी परत पाठवला, त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली पण तो माल टाकला असता तर रोलरने कितीही दाबा, आत पोकळ्या राहिल्याच असत्या आणि पाण्याला तेवढंच हवं असतं. तुम्ही कॉन्ट्रॅक्टरला सांगा की थर्मामीटर तुमच्यासमोर लावायचा, प्रत्येक गाडीला. उलट जास्त तापवलेला मालही वाईट, निळसर धूर निघत असेल तर बिटुमन जळतंय, असा रस्ता दोन-तीन वर्षांत कडक होऊन तडकतो.

टॅक कोट चुकवू देऊ नका, जुन्या थरावर नवा थर चिकटावा म्हणून इमल्शन मारतात ते. इमल्शन म्हणजे पाण्यात बारीक थेंब करून मिसळलेलं बिटुमन, मारल्यावर चॉकलेटी दिसतं आणि थोड्या वेळाने पाणी सुटून काळं होतं. चॉकलेटी असताना माल टाकायला लागले तर सरळ थांबवा. झाडून, धूळ उडवून मगच मारायचं, तेही सगळीकडे सारखं, झारीने इकडे तिकडे शिंपडून उपयोग नाही.

काम चालू असताना पोरांना लांब ठेवा. गरम बिटुमन अंगावर पडलं तर ओढून काढायचं नाही, कातडी निघते, निदान वीस मिनिटं साध्या गार पाण्याखाली धरायचं आणि तसंच चिकटलेलं घेऊन डॉक्टरकडे जायचं, ते काढायचं काम त्यांचं. आमच्या एका पोराने घाईत ओढलं होतं, त्याच्या मनगटावर डाग अजून आहे.

आता पाऊस चालू आहे तर डांबरीकरणाचं नाव काढू नका, दिवाळीनंतर करा. पण पावसाचा एक फायदा करून घ्या, चांगली सर येऊन गेली की छत्री घेऊन रस्त्यावर फिरा आणि पाणी कुठे कुठे थांबतं तिथे ऊन पडल्यावर ऑइलपेंटने गोल करून ठेवा, फोटोही काढा. कॉन्ट्रॅक्टर आला की आधी ते गोल दाखवा आणि तिथला ढाळ गटाराकडे कसा काढणार ते कोटेशनमध्ये लिहून घ्या, त्याचे पैसे वेगळे लागले तरी द्या.