कुत्र्यांना ठार न मारणारा निवारा देणग्यांवर चालवणं इतकं अवघड का जातं?

कारण देणगी एकदा येते, कुत्रा मात्र दहा-बारा वर्षं राहतो. आपल्याकडे २००१ च्या नियमांपासून भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून, सहसा जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. मग निवाऱ्यात उरतात आंधळे, म्हातारे, गाडीखाली सापडून मागचे पाय गेलेले. त्यांना दत्तक कोण घेणार? लोकांना पिल्लू हवं, तेही लॅब्रडॉर! अपघाताचा फोटो टाकला की पैसे येतात. पण रोजचा भात-चिकन, फिनाईल आणि लुळ्या कुत्र्याची लघवी पोट दाबून काढणाऱ्या माणसाचा पगार, यासाठी कोणी खिशात हात घालत नाही. त्यात पार्वो, म्हणजे कुत्र्यांमध्ये झपाट्याने पसरणारा जीवघेणा आजार, शिरला की महिन्याचं बजेट आठवड्यात साफ. आणि जागा नाही म्हणून सांगितलं, तरी रात्रीतून गेटपाशी पिल्लांचं खोकं ठेवून जाणारे असतातच.