चाळीस उंबऱ्यांचं गाव पर्यटनावर पुन्हा उभं राहील का? पैसा कशात घालावा?

तुमचं गाव सह्याद्रीत, वर किल्ला, शेजारी धबधबा, आणि तरुण पोरं सगळी पुण्या-मुंबईला. आता पुण्याचे एक गृहस्थ रस्त्याकडेची तीन एकर जागा घेऊन तंबूंचं रिसॉर्ट टाकतो म्हणतायत. त्यांना हो म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. मी आधी उलट विचारतो: मे महिन्याच्या वीस तारखेला तुमच्या विहिरीत पाणी किती असतं?

मी अकोले तालुक्यातला (विदर्भातलं अकोला नव्हे, नगर जिल्हा, आता अहिल्यानगर). अकरा वर्षं चाकणला कंपनीत काढली, २०१७ ला गावी परतलो आणि घराच्या पडवीला लागून दोन खोल्या काढल्या. गावाचं नाव देत नाही, कारण पुढे शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दलही लिहिलंय आणि उद्या त्यांच्याच पंगतीला बसायचंय.

आमच्या डोंगरात पावसाळ्यात चार-चार दिवस समोरचं घर दिसत नाही. पण खाली कातळ. पडलेलं पाणी ओढ्याने धरणात जातं, धरणातून खालच्या बागायतीला. होळी झाली की आमच्या विहिरीचा तळ दिसतो. आणि आमच्याकडचा सगळ्यात मोठा हंगाम कुठला, तर काजव्यांचा! मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, पाऊस लागायच्या जरा आधी. म्हणजे पाणी सगळ्यात कमी आणि माणूस सगळ्यात जास्त, असा योग.

पहिल्या वर्षी एका शनिवारी बावीस पाहुणे घेतले. हजार लिटरची टाकी रात्री दहाच्या आत संपली. आई आणि वहिनी बॅटरी घेऊन झऱ्यावर गेल्या. एकेक हंडा भरायला किती वेळ लागतो ते ज्याने उन्हाळ्यात झरा उपसलाय त्यालाच माहीत. सकाळी एका ताईंनी तक्रार केली की शॉवरला प्रेशर नाही. त्यांचीही चूक नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी टँकर मागवला, तर त्या आठवड्याची कमाई टँकरवाल्याच्या खिशात गेली. तेव्हा माझा पहिला सल्ला असा की पहिला पैसा पाण्यात घाला. शब्दशः. साठवण टाकी, विहिरीतला गाळ, ओढ्यावरचा बंधारा, जे जमेल ते. खोल्या नंतर.

आमच्याच तालुक्यातल्या पुरुषवाडीचं नाव तुम्ही काजव्यांमुळे ऐकलं असेल. लोक तिथले काजवे बघून येतात आणि सांगतात, ‘आपणही असं करू.’ त्या गावात आधी पाणलोटाचं काम झालं होतं, पाहुणे मागून आले. तिथे हॉटेल नाही. पाहुणे घरोघरी पाळीपाळीने जेवतात, म्हणजे एकाच्याच ओट्यावर गर्दी आणि बाकीचे दारात उभे, असं होत नाही. माझ्या मते त्या गावाकडून उचलायची गोष्ट म्हणजे ही पाळी. काजवे काय, आमच्याकडेही आहेत.

आता पैशाचा प्रवास बघा. मुंबईहून गाडी निघते. डिझेल, टोल, घोटीला नाश्ता. सहलीचे पैसे शहरातल्या आयोजकाला आधीच ऑनलाइन गेलेले असतात. गावात पोचेपर्यंत उरतं काय? ताटाचे पैसे. पहिली दोन वर्षं मी आयोजकांकडून ताटामागेच घेत होतो. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. चाळीस माणसं जेवून जायची, रात्री अंगणात तंबू लावायची, आणि सोमवारी हिशोब केला की आमच्याकडे ताटाचे पैसे आणि दोन पोती कचरा. मग आम्ही पाच घरं मिळून ठरवलं: तंबू आपले, वाटाड्या आपला, गाडीतळाचं शुल्क गावाचं. दोन आयोजक रागावून दुसऱ्या गावी गेले. बाकीच्यांनी कुरकुर करत मान्य केलं.

गाडीतळाला हसू नका. साताऱ्याजवळच्या कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि फुलांच्या दिवसांत गाड्यांची नुसती रांग लागली. तिथे आता दिवसाला साधारण ३००० माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, आणि प्रवेशशुल्काचा कारभार आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांकडे आहे. पोरं शिट्ट्या घेऊन उभी असतात. कुणी फुलांत लोळून फोटो काढायला गेलं की शिट्टी! त्यात पोटापाण्याचं कामही आहे आणि पठाराची राखणही. गाडी कुठे थांबवायची हे गावाने ठरवलं तर पुढचं बरंच काही गावाच्या हातात राहतं. वाट्टेल त्या बांधावर गाडी चढायला लागली की संपलं.

आता पुण्याच्या गृहस्थांकडे येऊ. जमीन कोणाची आहे ते आधी बघा. आम्ही महादेव कोळी. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला अशी सहज जात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६अ आहे. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तरी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, विक्री किंवा त्याहून लांबचा व्यवहार असेल तर त्यावर राज्य सरकारची पूर्वमंजुरीही. तुमची जमीन आदिवासी नसली तरी शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो, हे कूळकायद्यात आहे. आमच्याकडे यावर तोडगा काय निघाला? शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी. सातबारा गावच्या माणसाच्या नावावर, बांधकाम बाहेरच्याचं. माझ्या चुलत्यांच्या भाऊबंदांपैकी एकाने असा कागद केला. एकरकमी पैसे आले, त्यातून ट्रॅक्टर आला, पोरीचं लग्न झालं. आज त्या जागेला कंपाउंड आहे, आत पोहण्याचा तलाव आहे, आणि पाहुणे थेट गेटातून आत जातात. अंडी, दूध, तांदूळ सगळं नाशिकहून येतं. त्या घरातला मुलगा तिथेच रात्रपाळीचा वॉचमन आहे. आणि तलाव मेमध्येही भरलेला असतो, त्यांनी बोअर दोन पाडलेत.

म्हणून बाहेरचा पैसा नकोच असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडेही माझे स्वतःचे पुरले नव्हते. पीएफ काढला, उरलेले कर्जाने. पण तुमच्या गृहस्थांना विचारून बघा: जमीन गावाच्याच नावे ठेवून गावाच्या गटाला उसने द्याल का? की तंबू, गाद्या, सोलर घेऊन द्याल आणि तीन हंगामांत फेडून घ्याल? या प्रश्नानंतर माणूस पुन्हा फोन करतो का बघा. आमच्याकडे आलेल्या तिघांपैकी एकाने केला. त्याच्या पैशातून आमचे चार संडास आणि शोषखड्डे झाले. संडास म्हटलं की लोकांना किरकोळ वाटतं, पण बाया-मुलींचे ग्रुप परत येतात ते त्याच्यामुळे, कोकणकड्यामुळे नव्हे.

पैसा कशात घालू नये हे सांगणं सोपं आहे. ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव अशी रंगीत अक्षरं. आमच्या ग्रामपंचायतीने ती केली, पहिल्याच पावसात ‘लव्ह’ पडलं.

नोंदणीचं म्हणाल तर २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे ती होते, करून टाका. कर्ज मागायला कागद हातात असलेला बरा. दोर, रॅपलिंग, व्हॅली क्रॉसिंग असलं काही करणार असाल तर २०२१ चं साहसी पर्यटन धोरण वेगळं आहे, त्याचीही नोंदणी लागते. आणि इथे माझं मत कडक आहे: गावच्या पोरांना नीट प्रशिक्षण मिळेपर्यंत धबधब्यावर दोर बांधूच नका. साम्रदच्या सांदण दरीत उन्हाळा-हिवाळ्यात माणसं सुखरूप उतरतात, पण पावसाळ्यात ती पाण्याचीच वाट. वरती कुठेतरी पडलेला पाऊस खाली अरुंद दरीत लोंढा होऊन येतो. पाहुणा बुडाला की बातमी गावाच्या नावाने येते आणि जमावबंदी अख्ख्या परिसराला लागते. सगळ्यांचे जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार बुडतात.

जुलैचं अजून एक. धबधब्यांची गर्दी नेमकी आवणीत येते. भात लावायला गुडघाभर चिखलात बाई सकाळपासून वाकलेली, आणि दुपारी तिनेच तीस माणसांच्या भाकऱ्या थापायच्या. पुरुष काय करतात? गाड्या लावतात. हे माझ्या घरातही झालं. वहिनीने दुसऱ्या वर्षी सरळ सांगितलं, ‘भावजी, एक तर भात लावते, नाहीतर भाकरी करते.’ तेव्हापासून आवणीचे तीन आठवडे आम्ही फक्त वीस ताटं घेतो आणि भाकरीचे पैसे थेट बचत गटाच्या खात्यात जातात, माझ्याकडे येतच नाहीत. भात सोडून पर्यटन करायचं असं आमच्यातल्या एकाने केलं होतं. २०२० च्या टाळेबंदीत काजव्यांचा अख्खा हंगाम गेला. त्या वर्षी ज्यांच्या कणगीत भात होता ते निवांत होते.

काजव्यांबद्दल थोडं, कारण आपण विकतोय ते आपणच मोडतो. नर काजवा लुकलुकतो तो मादीला हाक द्यायला. सादड्या-हिरड्याच्या झाडाखाली वीस गाड्यांचे हेडलाइट लागले की ती हाक कुणाला दिसणार? आमच्या ओढ्याकाठच्या दोन झाडांवर आता पहिल्यासारखे काजवे भरत नाहीत. आता आम्ही गाड्या गावाबाहेर लावायला लावतो, मोबाइलची बॅटरी बंद, खाली बघून चालायचं. निम्मे ऐकतात.

वेळ मिळाला तर मंडणगड तालुक्यातलं वेळास बघून या, तुमच्यासाठी ते जास्त उपयोगाचं ठरेल. समुद्रकासवांची अंडी पूर्वी तिथे चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. आता साधारण फेब्रुवारी ते एप्रिल लोक पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात, गावातल्या घरांतच राहतात, घरचं जेवतात. मी गेलो तेव्हा सकाळी तास-दीड तास वाळूत बसून एकही पिल्लू दिसलं नाही. कुणी भांडलं नाही. आम्हाला सांगितलंच होतं की निघतील तर निघतील. पाहुण्याला आधी खरं सांगायचं हे मी तिथून शिकलो. आता माझ्या फोनवरच्या निरोपात पहिली ओळ आहे: ‘अंघोळीला एक बादली मिळेल.’ काही जण येत नाहीत. जे येतात ते त्रास देत नाहीत.

पोरं परत येतील का, हा तुमचा खरा प्रश्न आहे असं वाटतं. आमच्या गावात सहा वर्षांत चौघं परतलो. त्यातले दोघं पुन्हा गेले, एकाला नोकरी बरी मिळाली, एकाच्या बायकोला शाळा लांब पडत होती. शाळेचं मी काही करू शकलो नाही, आणि ते पर्यटनाने होईल असं दिसतही नाही. पण त्या दोघांच्या घरांच्या चाव्या आमच्याकडे आहेत, पाहुणे त्यांत राहतात, भाडं त्यांच्या म्हाताऱ्यांना जातं. घरं पडली नाहीत एवढं झालं.

बघायला यायचं असेल तर जरूर या. पण काजव्यांत नको आणि जुलैतही नको. मार्चच्या शेवटी या. तेव्हा ना धबधबा, ना फुलं, ना काजवे. टाकीत किती पाणी उरलंय ते बघा आणि त्या महिन्यात माझ्या वहीत किती पाहुण्यांची नावं आहेत तेही बघा. येताना तुमच्या पुण्याच्या गृहस्थांनाही घेऊन या, जेवण माझ्याकडे.