क्षाराचा थर बसला की लोखंड गंजत नाही म्हणतात. मग बॉयलरच्या पाण्यातून थर बसवणारे क्षार काढणारा सॉफ्टनर बंद ठेवला तर चालेल का?

थंड पाण्याच्या पाइपलाइनपुरतं ते खरं आहे. पातळ, सलग थर बसला की प्राणवायू लोखंडापर्यंत कमी पोचतो. पाणी थर बसवणार की असलेला विरघळवणार, याचा हिशोब लँगलियर या अमेरिकन संशोधकाने 1936 सालीच मांडलाय. पण तुम्ही बॉयलरचं विचारताय, म्हणून लिहायला बसलो.

मी साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. एका हंगामात सॉफ्टनरचं रेझिन, म्हणजे क्षार धरणारे दाणे, थकलं; मीठ देऊनही हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, उतरेना. साहेब म्हणाले, "चालू दे, थोडा थर असलेला बरा." विहिरीचं पाणी तसंच बॉयलरच्या फीडला जात राहिलं. ऐन गाळपात ट्यूब फुटली आणि अहवालात आलं, अटेंडंटने बॉयलरमधल्या पाण्याची लेव्हल खाली जाऊ दिली.

ती ट्यूब उभी चिरली तेव्हा मी समोर होतो. आत अंड्याच्या टरफलासारखा पांढरट थर. छिन्नीने उडवला तर खाली काळी भुकटी, आणि ती झटकल्यावर करंगळीचं टोक बसेल असा खड्डा. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलटं. पाणी तापेल तसं ते कमी विरघळतं, म्हणून सगळ्यात तापलेल्या जागीच बसतं. थराच्या बारीक भोकांतून पाणी आत झिरपतं, त्याची वाफ होते, कॉस्टिक, म्हणजे पाण्यातली तीव्र अल्कली, मागे साचत जातो. लोखंडाला खरं राखतो तो मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साइडचा, काळा पापुद्रा, आणि कॉस्टिक तोच खातो. वर थर उष्णता अडवतो, ट्यूब तापून मऊ पडते.

लेव्हल गेली असती तर ट्यूब कोरडी तापून वाकली असती, आतून खड्डे पडले नसते. माझ्या लॉगशीटवर तासातासाची लेव्हल होती. ती कुणी मागितलीच नाही.

सॉफ्टनर बंद करू नका. रेझिन बदला, दर शिफ्टला हार्डनेस बघा, ब्लो-डाऊन, म्हणजे क्षार साचलेलं पाणी बाहेर सोडणं, चुकवू नका. बसलेला कार्बोनेट ॲसिडने निघतो, पण इनहिबिटरशिवाय, म्हणजे लोखंड वाचवणाऱ्या रसायनाशिवाय, ॲसिड सोडलं तर ते लोखंडही खातं. सिलिकाचा थर साध्या हायड्रोक्लोरिकला दाद देत नाही. आणि हो, सॉफ्ट पाण्यानेही गंज चढतो. प्राणवायू काढायला हवा, पीएच सांभाळायला हवा.

थर असू द्या असं कुणी साहेब सांगत असतील, तर लॉगबुकात लिहून त्यांची सही घ्या. आमच्या साहेबांनी तोंडीच सांगितलं होतं.