ताऱ्यांचाच प्रकाश नसेल कशावरून?

प्रश्न: लहान दीर्घिकेच्या मध्यभागी सक्रिय कृष्णविवर आहे हे कसं कळतं? तो ताऱ्यांचाच प्रकाश नसेल कशावरून? पुण्यात यासाठी काही बघण्यासारखं आहे का?

मी पुण्यात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. तुमची शंका अगदी योग्य जागी आहे, कारण या शोधातली निम्मी मेहनत ताऱ्यांवरचा संशय दूर करण्यातच जाते.

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागचं कृष्णविवर वस्तुमानाने सुमारे 43 लाख सूर्यांएवढं. आरजीजी 118 या बटू, म्हणजे लहान, दीर्घिकेतलं जेमतेम 50 हजार. त्यात पडणारा वायू तापून चमकतो खरा, पण अशा दीर्घिकांमध्ये बरेचदा नवे तारेही जोमाने जन्मत असतात. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडच्या रोषणाईत एक पणती शोधायची, तसं हे काम.

पहिली चाळणी वर्णपटाची, म्हणजे रंगांत फाकलेल्या प्रकाशाची. त्यातल्या रेषांवरून कुठलं मूलद्रव्य चमकतंय ते कळतं. कृष्णविवराजवळचं प्रारण ताऱ्यांपेक्षा जास्त ऊर्जेचं असतं, म्हणून ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या रेषा हायड्रोजनच्या मानाने ठळक होतात. खगोलशास्त्रज्ञ एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे 25 हजार बटू दीर्घिका तपासल्या. 151 मध्ये अशा खुणा मिळाल्या. पण दीर्घिकेत नायट्रोजनच कमी असेल तर ही चाळणी फसते. त्यामुळे खूण मिळाली नाही म्हणजे कृष्णविवर नाही, असं मी वर्गात कधीच म्हणू देत नाही.

मला सगळ्यात आवडते ती पुढची कसोटी. कृष्णविवराजवळचा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतो, त्यामुळे हायड्रोजनची रेषा पसरट होते. पण ताऱ्याच्या महास्फोटानेही ती तशीच पसरते! मग काय करायचं? काही वर्षं थांबायचं आणि वर्णपट पुन्हा घ्यायचा. महास्फोट असेल तर पसरटपणा ओसरतो, कृष्णविवर असेल तर सहसा टिकतो. जिथे तारे जोरात जन्मत होते, अशा कित्येक दीर्घिकांतली पसरट रेषा दुसऱ्या खेपेला नाहीशी झालेली आढळली. इतकी वर्षं धीर धरून आपलाच शोध पुन्हा तपासायचा, याबद्दल मला फार आदर वाटतो.

शिवाय क्ष-किरण आणि रेडिओलहरी एकाच बिंदूतून येतात का, हे बघतात. सुमारे 3 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या हेनाइज 2-10 या बटू दीर्घिकेत 2011 साली तसंच दिसलं. तरी तो महास्फोटाचा अवशेष असेल, असा वाद बरीच वर्षं चालला. 2022 मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने घेतलेल्या वर्णपटांत त्या बिंदूतून निघणारा वायूचा झोत दिसला, तेव्हा कृष्णविवराची बाजू भक्कम झाली.

पुण्याचं म्हणाल तर नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. कमी वारंवारतेच्या रेडिओलहरी टिपणारी ही दुर्बीण दीर्घिकांच्या अभ्यासासाठी जगभरचे संशोधक वापरतात. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. मी मुलांना घेऊन गेलो आहे. तबकडीखाली उभं राहून मान वर केलीत की आकार कळेल. आणि घरबसल्या काही करायचं असेल, तर स्लोनचे वर्णपट कुणालाही मोफत बघता येतात. हायड्रोजनची लाल रेषा 6563 अँगस्ट्रॉमच्या (हे तरंगलांबीचं एकक) आसपास शोधा, तिचा पाया पसरलाय का ते बघा, आणि काही अडलं तर इथेच विचारा.